भाजणीची किल्ली

यंत्रे रुसतात ती नेमकी सणाच्या तोंडावर. वसुबारसेला चार दिवस उरले होते. सूनबाईने डाळी आणून ठेवल्या होत्या आणि चकलीच्या भाजणीचे प्रमाण लॅपटॉपमध्ये होते. आमच्या सौ.ने ते जाण्याच्या आदल्या वर्षी स्वतः टाइप करून ठेवले होते. मी बटण दाबले. पडद्यावर ठिपक्यांचे कडे फिरू लागले, ते फिरतच राहिले.

पुतण्याला फोन लावला.

“काका, आधी बाजूला खोचलेलं सगळं काढा.”

पेनड्राइव्ह काढला, माउस काढला. मग चार्जर काढून बटण अर्धा मिनिट दाबून धरले. पुन्हा तेच कडे! पुढचा उपाय मला थोडा रानटीच वाटला. कडे दिसले की बटण दाबून यंत्र बंद पाडायचे, असे दोनतीनदा. सुरू होणे लागोपाठ अर्धवट राहिले, की यंत्र आपण होऊन दुरुस्तीचा पडदा पुढे करते म्हणे. (आमच्या जुन्या रेडिओला एक चापट पुरत असे.) आणि खरोखरच केला! शेवटचे अपडेट काढून टाकण्याची सोय तिथे होती. पण त्याआधी यंत्राने ४८ आकडी किल्ली मागितली. आतला मजकूर चोराच्या हाती लागू नये म्हणून कुलूपबंद असतो. खाते सौ.च्या नावाचे, आणि त्याचा परवलीचा शब्द तिच्याबरोबर गेलेला.

“काका, ते आकडे नसले तर आतलं काही मिळणार नाही,” पुतण्या हलकेच म्हणाला.

सूनबाईने गॅस बंद केला.

मला एकदम दुधाच्या हिशेबाची वही आठवली. तिचे सारे जग त्या वहीत असे. माळ्यावरून जुन्या वह्यांचा गठ्ठा काढला. तिसऱ्या वहीत, एका पानाच्या कडेला, सहा-सहा आकड्यांचे आठ गट. खाली लिहिलेले, ‘लॅपटॉप. फाडू नये.’

सूनबाई आकडे वाचत गेली, मी एका बोटाने टिपत गेलो. अपडेट निघाले, यंत्र उघडले. चार वाट्या तांदूळ, दोन हरभराडाळ, एक उडीदडाळ, अर्धी मूगडाळ, धने, जिरे. सूनबाईने ते लगेच त्याच वहीत उतरवून घेतले.

वही मिटताना माझे लक्ष गेले. आकडे लिहिले त्या तारखेला दूध अर्धा लिटर जास्त होते. लॅपटॉप लावून द्यायला आलेल्या मुलाने दोनदा चहा घेतला होता.