बेरीज एक, मुलं दोन

रोल नंबर 14 ला युनिट टेस्टमध्ये 20 पैकी 12. रोल नंबर 31 लाही 12. आजवर माझ्या लेखी हे दोघे सारखेच! पण एनबीएच्या, म्हणजे इंजिनिअरिंगच्या अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या मंडळाच्या, फाइलीसाठी गुण प्रश्नवार भरायचे होते, ते भरले आणि अहो, काय सांगू! एकाला बेंडिंग मोमेंटच्या आकृतीत 10 पैकी 10, बीमचा छेद ठरवायला मात्र 2. दुसऱ्याला आकृतीत 4, छेदात 8. अगदी वेगळी दोन डोकी, आणि बेरजेनं त्यांना जुळे करून टाकलं होतं!

युक्ती एवढीच की प्रत्येक प्रश्न एका सीओला, म्हणजे कोर्स आउटकमला बांधायचा. विषय संपल्यावर मुलाला नेमकं काय करता यावं, ते आधीच लिहून ठेवायचं. मग, समजा, 60 टक्के मुलांनी ठरवलेले गुण गाठले तर पातळी 1, 70 टक्क्यांनी गाठले तर 2, 80 टक्क्यांनी तर 3. हा आकडा सीओ-पीओ मॅट्रिक्समधून थेट पीओपर्यंत, प्रोग्राम आउटकमपर्यंत चढतो, म्हणजे आमच्या इंजिनिअरला शेवटी काय काय यायला हवं तिथपर्यंत. भारत 2014 मध्ये एकमेकांच्या इंजिनिअरिंग पदव्या मानणाऱ्या देशांच्या वॉशिंग्टन कराराचा पूर्ण सदस्य झाला, त्यामुळे हा हिशेब पार परदेशात ओळखला जातो. (लाभ टिअर-1 वाल्यांना, म्हणजे स्वायत्त संस्थांना; आम्ही विद्यापीठाशी संलग्न, टिअर-2. असू दे!)

आणि पीईओ, प्रोग्रामची शैक्षणिक उद्दिष्टं! पदवीनंतर चार-पाच वर्षांनी आपली मुलं काय करत असावीत, ते. अमेरिकेत मान्यता देणाऱ्या एबेटनं ती किती गाठली हे मोजायची सक्तीच पुढे काढून टाकली. माजी विद्यार्थी, कंपन्या यांना विचारून उद्दिष्टं तपासत राहा, इतकंच ठेवलं. किती शहाणपणाचं! सर्व्हेतल्या 5 पैकी 4.2 पेक्षा जुन्या विद्यार्थिनीशी फोनवर अर्धा तास बोललेलं बरं.

मॅट्रिक्सच्या खान्यात विषयाचा त्या पीओशी संबंध किती दाट ते 1 ते 3 मध्ये लिहायचं असतं. सगळ्या खान्यांत 3 ठोकून मोकळे होणारे महाभाग आहेतच. माझ्याही विषयासमोर डिझाइनच्या खान्यात ठसठशीत 3 आहे, आणि छेदाच्या प्रश्नात वर्ग पातळी 1 लाही पोचत नाही! पुढच्या टेस्टला आकृती छापूनच देणार, सगळे गुण छेदावर.

मशीन डिझाइनच्या सरांकडेही 3 आहे. त्यांचे प्रश्नवार गुण मागितले, तर म्हणाले, "अरे, आधी एनबीएची कमिटी येऊन जाऊ दे की!" तोवर कोण थांबतंय? उत्तरपत्रिकांचा गठ्ठा उचलूनच आणलाय.