मागच्या आसाचा कारभारी

बैलगाडीला तो कधी लागला नाही. तिची दोन्ही चाकं आसावर मोकळी फिरतात. वळणावर बाहेरचं चाक जास्त धावतं, आतलं कमी, आणि कुणी कुणाला अडवत नाही. ओढायला बैल पुढे असतात, चाकांनी नुसतं गडगडायचं असतं. चाकांनीच गाडी ढकलायची ठरली, तिथून अडचण सुरू झाली. दोन्ही चाकं एकाच आसाला पक्की ठोकली तर वळणावर एकाला फरपटत जावं लागतं. चाकांमधलं अंतर 1.2 मीटर धरा. गाडी तोंड फिरवून उलट दिशेला लागली की बाहेरचं चाक आतल्यापेक्षा पावणेचार मीटर जास्त चाललेलं असतं. वळण लहान घ्या की मोठं, फरक तेवढाच. या पावणेचार मीटरांचा हिशेब सांभाळणारा कारभारी म्हणजे डिफरन्शियल. फ्रान्समधल्या ओनेसिफोर पेकर यांनी 1820च्या दशकाच्या अखेरीस वाफेच्या गाडीसाठी त्याचं पेटंट घेतलं, आणि आजही त्याचं मूळ रूप फारसं बदललेलं नाही.

देवराष्ट्रे हे सांगली जिल्ह्यातलं, यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव. तिथल्या दत्तात्रय लोहार यांनी किक मारून सुरू होणारी छोटी जीप घरी बनवली. 2021 सरताना तिचा बोलबाला झाला आणि आनंद महिंद्रांनी तिच्या बदल्यात त्यांना बोलेरो दिली. सगळ्यांना कौतुक किकचं. मला मात्र अशी कुठलीही घरगुती गाडी दिसली की वाकून मागच्या आसाकडे पाहावंसं वाटतं. मोटारसायकलचं इंजिन भंगारात मिळतं, सांगाडा वेल्डिंगवाला जोडून देतो. गाडी चालेल की रडेल, हे मात्र मागे ठरतं.

जिंतूर तालुक्यातल्या चारठाण्यासारख्या गावात, जुन्या दगडी देवळांच्या आणि बारवेच्या या गावात, अशी गाडी कुणी करायला घेतली तर ती हौसेपेक्षा रानासाठी असणार: फवारणीची टाकी न्यायला, कापसाची बोचकी बांधावरून आणायला. म्हणून इथे कारभारी निवडताना वेगाचा विचार मागे ठेवावा.

आधी त्याची ओळख करून घ्यावी. बाहेरून पाहिलं तर लोखंडी पोट, दोन्ही बाजूंना लांब नळ्या, आत नव्वद नंबरचं तेल. पोटात क्राऊन नावाचं मोठं दातेरी चक्र आणि त्याला फिरवणारं छोटं पिनियन. क्राऊनला बांधलेल्या पिंजऱ्यात चार लहान गिअर समोरासमोर. सरळ रस्त्यावर हे चार गिअर एकमेकांत न फिरता गप्प बसून पिंजऱ्याबरोबर जातात. वळण आलं की जागे होतात, एका चाकाचे फेरे कापून दुसऱ्याला देतात. जोर मात्र दोघांना सारखाच.

भंगारातून उचलण्याआधी त्याचं बोलणं ऐकता येतं. आस दोन विटांवर ठेवा, पिनियनच्या तोंडावर आणि चाकाच्या ड्रमवर खडूची खूण करा. एक ड्रम कुणाला तरी घट्ट धरायला सांगा आणि दुसरा पूर्ण दोन फेरे फिरवा. तेवढ्यात पिंजरा बरोबर एक फेरा घेतो, आणि पिनियन जितके फेरे घेईल तो त्याचा आकडा. पिनियनला 8 दात आणि क्राऊनला 41 असतील तर सव्वापाचच्या जरा आत. फिरवताना एखाद्याच जागी कटकट आली तर दात तुटलेला आहे. सारखा घरघराट आला तर बेअरिंग गेलं. आता ड्रम सोडून पिनियन धरा आणि एक चाक पुढे ढकला: दुसरं उलटं फिरेल. हे पाहिल्याशिवाय या माणसाचा स्वभाव कळत नाही.

आता आकड्याचा विचार. मोटारसायकलचं इंजिन मिनिटाला 8000 फेरे घेतं असं धरा. आतल्या पहिल्या जोडीत ते तिसऱ्या हिश्श्यावर येतात, वरच्या गिअरमध्ये पुढच्या चेनचक्रावर साधारण 2667 फेरे पोचतात. चारचा डिफरन्शियल लावला तर चाकाला 667 मिळतात. मारुती 800चं बारा इंची चाक एका फेऱ्यात 1.6 मीटर चालतं, म्हणजे ताशी सुमारे 64 किलोमीटर. तीनचा लावला तर कागदावर 85. पण माणसासकट सव्वादोनशे किलोची मोटारसायकल ओढणारं इंजिन पाचशे किलोच्या गाडीत बसवून तीनचा आकडा घेणं म्हणजे त्याचा गळा आवळणं. क्लच जळतो, चढावर गाडी थांबते. पाचाच्या आसपासचा घ्या. वेग पन्नासवर येईल, जोर वाढेल. चारठाण्याच्या शिवारात पन्नासही जास्तच आहेत.

ब्रिटनमध्ये मोटारसायकलचं इंजिन लावलेल्या हलक्या हौशी गाड्यांना फोर्ड सिएराचा डिफरन्शियल फार लावला गेला, कारण 1982 ते 1993 असं अकरा वर्षं ती गाडी निघाली आणि भंगारात मुबलक पडली. तोच न्याय इथे मारुती ओम्नीला. 1984 ते 2019 एवढा काळ ती रस्त्यावर उतरत राहिली, मागच्या चाकांनी चालते, आणि तिचा आख्खा मागचा आस पाट्यांच्या स्प्रिंगसकट उचलता येतो. माझी पसंती याच आसाला. रिक्षाचा मोह होतो, पण तिच्यात इंजिन, गिअर आणि डिफरन्शियल एकाच घरात नांदतात. घ्यायचा तर सगळं कुटुंब घ्यावं लागतं. मग निदान मागे जाण्याचा गिअरही मिळतो, जो मोटारसायकलला नसतो. ओम्नीचा आस घेतलात तर मागे जाण्याची वेगळी सोय करणं भाग आहे. आणि इंजिन लांबीत बसवताना दिशा पाहून घ्या. चेनचक्र डाव्या अंगाला असेल तर ते मागे तोंड करून बसलं पाहिजे, नाहीतर पाचही गिअर मागे जातील.

या कारभाऱ्यात एक दोष आहे आणि तो त्याच्या चांगुलपणातूनच येतो. दोघांना सारखा जोर द्यायचा हा त्याचा धर्म. काळ्या चिखलात एक चाक फिरफिर फिरायला लागलं की त्याला जोर लागतच नाही, आणि दुसऱ्याच्या वाट्यालाही तेवढाच, म्हणजे जवळजवळ काहीच नाही, येतो. घट्ट जमिनीवर उभं असलेलं चाक गप्प राहतं आणि गाडी रुतते. ट्रॅक्टरवाल्यांना हे पाठ आहे. म्हणून तर त्यांच्याकडे डिफरन्शियल लॉकचा पायदाब असतो आणि डाव्या-उजव्या चाकाला वेगवेगळे ब्रेक. ओम्नीच्या आसात ते नाही. काही जण आतले चार गिअर वेल्डिंग मारून जाम करतात. मला ते पटत नाही. चिखलात चालतं, पण डांबरावर वळताना टायर घासतात आणि एक दिवस आस पिळून तुटतो. त्यापेक्षा चिखलात ब्रेक हलका दाबून धरावा, म्हणजे फिरणाऱ्या चाकाला अडथळा होतो आणि दुसऱ्याला जोर मिळतो. मागे दोन वेगळे ब्रेक बसवणं त्याहून चांगलं.

अशी गाडी मान्यतेशिवाय सार्वजनिक रस्त्यावर आणता येत नाही, हे विसरू नये. रान, बांध, खळं, एवढीच तिची हद्द.

क्राऊन आणि पिनियन जोडीनेच घासून मिळवलेली असतात, एक बदललं तर दुसरंही बदलावं. बसवताना मिस्त्री तेलात शेंदूर कालवून क्राऊनच्या दातांना लावतो आणि पिनियन फिरवून बघतो. डाग दातांच्या मध्यावर उमटला तर बैठक बरोबर, टोकाला गेला तर पातळ चकत्या घालून पुन्हा सरकवायचं. हे काम घाईचं नाही, आणि ज्याला घाई आहे त्याच्याकडे आस देऊ नये. जुनं तेल काढून आतला गाळ रॉकेलने धुवावा, आसाची सीलं नवी टाकावी, आणि गाडी काही दिवस हलकी चालवून पहिलं तेल लवकर उतरवावं. ते स्वच्छ फडक्यावर ओतून बोटाने चोळायचं. बारीक चमक असेल तर दात एकमेकांशी जुळतायत. बोटाला टोचणारा तुकडा लागला तर झाकण पुन्हा उघडायचं.