वहीतील माणसे

बार्शीच्या बाजारपेठेत चाळीस वर्षे धान्याची आडत चालविलेल्या आजोबांना प्रेक्षणीय स्थळांची फारशी ओढ कधीच नव्हती. परगावी गेले की ते आधी तेथील पेठ पाहत. अमेरिकेत मुलाकडे आल्यावर वसंत ऋतूच्या सुटीत चार्ल्स्टनला जाण्याचे ठरले, तेव्हाही त्यांनी नातीला एवढेच विचारले, ‘‘तिथे पूर्वी व्यापार कशाचा होता?’’

‘‘तांदळाचा आणि निळीचा, आजोबा. पुढे कापसाचाही.’’

हे ऐकल्यावर आजोबा आनंदाने मोटारीत बसले.

अटलांटापासून सुमारे पाच तासांच्या अंतरावर, दक्षिण कॅरोलायना राज्यात, ॲशली आणि कूपर या दोन नद्यांमधील चिंचोळ्या भूमीवर हे बंदर वसले आहे. मूळ वसाहत १६७० ची. दहा वर्षांनी ती आजच्या जागी आली. जुने शहर पायीच पाहावे असे आहे. ईस्ट बे रस्त्यावर गुलाबी, पिवळ्या, निळसर रंगांची १३ घरे भिंतीला भिंत लावून उभी आहेत. त्यांना ‘रेनबो रो’ म्हणतात. रंग विसाव्या शतकातले. घरे मात्र जुन्या व्यापाऱ्यांची, खाली दुकान आणि वर बिऱ्हाड अशी. ‘‘ही तर आपल्या पेठेतलीच घरे!’’ आजोबा उद्गारले.

आजींना आवडल्या त्या लांबलचक ओसऱ्या. येथील कित्येक घरे रस्त्याच्या बाजूने एका खोलीइतकीच रुंद आहेत. रस्त्यावरचे दार उघडते ते ओसरीवर, आणि समुद्रावरचा वारा त्या ओसरीवरून घरात खेळतो. दक्षिण टोकाच्या बॅटरी या बंधाऱ्यावरून खाडीत सम्टर किल्ला दिसतो. १२ एप्रिल १८६१ रोजी त्याच्यावर तोफा डागल्या गेल्या आणि अमेरिकेतील यादवी युद्धाला तोंड फुटले. तेथे बोटीने जाता येते.

आहाराच्या बाबतीत आजी सावध होत्या. डब्यात दशम्या आणि खाकरे होतेच. या प्रदेशात पालेभाजी आणि कडधान्येही पुष्कळदा डुकराच्या मांसाबरोबर शिजवितात. म्हणून नाव भाजीचे असले तरी विचारून घ्यावे लागते. मक्याच्या भरडीचे ‘ग्रिट्स’ कशात शिजविले आहेत, हेही विचारणे बरे.

सिटी मार्केटमध्ये आफ्रिकी वंशाच्या स्त्रिया गवताच्या टोपल्या विणत बसल्या होत्या. त्यातली एक रुंद, उथळ टोपली आजींनी हाती घेतली आणि नकळत पाखडल्यासारखी हलविली. विणणारी बाई हसली. ही टोपली मूळची भात पाखडण्याचीच, तिने सांगितले. भातशेतीची ही विद्या पश्चिम आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या माणसांबरोबर आली होती.

‘‘म्हणजे माल त्यांनी पिकविला आणि घरे यांनी बांधली,’’ आजोबा हळूच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी चाल्मर्स रस्त्यावरील ‘ओल्ड स्लेव्ह मार्ट’ पाहिले. १८५६ साली शहराने गुलामांचे रस्त्यावरील उघड लिलाव बंद केले, तेव्हा हा व्यवहार अशा बंदिस्त आवारांत गेला. आज तेथे संग्रहालय आहे. वय, बळ आणि कसब पाहून माणसाची बोली लागे, हे वाचताना आजोबांचा चेहरा उतरला. बोली, दलाली, उधारी हे सारे शब्द त्यांच्या ओळखीचे होते. श्रावकाला वर्ज्य अशा १५ कर्मादानांत केशवाणिज्य येते. हेमचंद्राचार्यांनी योगशास्त्रात त्याचा अर्थ दोन आणि चार पायांच्या जिवांची विक्री असा दिला आहे. लहानपणी पाठ केलेल्या त्या शब्दाचा अर्थ त्यांना आज समोर दिसला.

तिसऱ्या दिवशी ते कूपर नदीकाठच्या गॅड्सडेन धक्क्यावर गेले. हजारो माणसे येथे जहाजांतून उतरविली गेली. त्या जागी जून २०२३ मध्ये आफ्रिकी अमेरिकनांचे आंतरराष्ट्रीय संग्रहालय उघडले. खालची भूमी मोकळी राहावी म्हणून इमारत खांबांवर उचललेली आहे. आत वंशशोधाचे दालन आहे. नातीने तेथील अडचण समजावून सांगितली. १८५० आणि १८६० च्या गणनेत गुलामांची नोंद मालकाच्या नावाखाली होती. बहुधा वय, लिंग, वर्ण एवढीच. नावे आली ती १८७० मध्ये. त्याआधीचा पूर्वज शोधायचा तर मालकांची मृत्युपत्रे आणि हिशेबवह्या चाळाव्या लागतात. बैल, भांडी, भाताचे कोठार यांच्या ओळीत कुठे तरी एखादे नाव असते आणि पुढे किंमत.

‘‘ज्याने लिहिले, त्याला वाटले असेल, आपण मालाची यादी करतो आहोत,’’ आजोबा म्हणाले.

‘‘आपल्या जुन्या वह्यांत काय आहे, आजोबा?’’ नातीने सहज विचारले.

आजोबा बराच वेळ गप्प राहिले. त्यांच्या वहीत खोटी नोंद नव्हती, कोणाची मजुरी बुडविलेली नव्हती. तरी रोजमेळात चाळीस वर्षे एकच ओळ होती : ‘हमाली, सहा माणसे.’ पाठीवर पोती वाहणाऱ्या त्या सहांपैकी दोघांचीच पूर्ण नावे त्यांना आठवली.

२०१८ साली चार्ल्स्टनच्या नगर परिषदेने गुलामगिरीतील शहराच्या सहभागाबद्दल माफीचा ठराव केला. परतीच्या वाटेवर नातीने ते सांगितले, तेव्हा आजोबांनी फक्त मान हलविली.

दिवाळीला बार्शीत वहीपूजन झाले. गादीवर आता धाकटा मुलगा बसतो. त्याने पहिल्या पानावर ‘श्री’ लिहिल्यावर आजोबांनी वही आपल्याकडे मागून घेतली, दारातून हमालांना आत बोलाविले, चहा दिला आणि एकेकाला त्याचे, वडिलांचे आणि गावाचे नाव विचारून ती सहाही नावे स्वतःच्या हाताने लिहिली.