दहापैकी किती?

काही माणसांना रेल्वेचे वेळापत्रक वाचण्याचा नाद असतो. त्यांना कुठेही जावयाचे नसते; पण मनमाडला गाडी किती मिनिटे थांबते आणि भुसावळला किती, हे त्यांना तोंडपाठ असते. पाकशास्त्राची पुस्तके कादंबरीसारखी वाचून काढणारे आणि स्वतः चहादेखील न करणारे एक गृहस्थ माझ्या ओळखीचे आहेत. माझा नाद याच जातीचा. मी व्हिडिओ गेमची परीक्षणे वाचतो.

"तुम्ही स्वतः खेळता का हो?" असे कोणी विचारलेच तर मी हवापाण्याच्या गोष्टी काढतो. खडू आणि लेखणी धरून घडलेली माझी बोटे त्या बटणांवर वेळेवर पडत नाहीत. मी उडी मारावयास निघतो तोवर पडद्यावरचा माझा प्रतिनिधी दरीत पोचलेला असतो. पण परीक्षण हाती आले की मी खुर्ची ओढून बसतो. मला त्यात जी गोडी वाटते ती पुस्तकांच्या परीक्षणांत क्वचित सापडते, आणि याचे कारण मला ठाऊक आहे.

कादंबऱ्या लिहिणाऱ्या माणसाला एक गोष्ट लवकर उमगते. ती ही की, पुस्तकाचे परीक्षण लिहिण्यासाठी पुस्तक वाचलेच पाहिजे असे नाही. मलपृष्ठ, प्रस्तावना आणि शेवटची दहा पाने एवढ्या शिदोरीवर पुष्कळ लांबचा पल्ला गाठता येतो. माझ्या एका कादंबरीतला पोस्टमन तिसऱ्या प्रकरणात वारला. एका परीक्षणात तो अखेरपर्यंत पत्रे वाटत होता. खेळाच्या परीक्षकाला ही सोय सहजासहजी मिळत नाही. कोणतेही पुस्तक चाळिसाव्या पानावर आपण होऊन मिटत नाही आणि "तुझी तयारी कमी पडते, पुन्हा ये" असे सांगत नाही. खेळ तसे सांगतो. २०११ साली निघालेला 'डार्क सोल्स' हा जपानी खेळ तर याबाबतीत जुन्या तालमीतल्या वस्तादासारखा प्रसिद्ध आहे. त्याच्यावर लिहावयाचे तर आधी त्याच्याकडून मार खावा लागतो. त्यामुळे चांगल्या परीक्षणाला एखाद्या प्रवासवर्णनाचा रंग चढतो: मी इथवर गेलो, इथे पडलो, इथे कंटाळलो आणि इथे रात्रीचे दोन वाजले तरी उठवेना.

अमेरिकेत रॉजर ईबर्ट नावाचे एक थोर चित्रपट-समीक्षक होऊन गेले. व्हिडिओ गेम ही कधीही कला होऊ शकणार नाही, असे त्यांनी एप्रिल २०१० मध्ये ठासून लिहिले. खेळणाऱ्यांची पिढी खवळून उठली आणि हजारो प्रतिक्रिया आल्या. जुलैमध्ये ईबर्टनी पुन्हा लेखणी उचलली. त्यांनी आपले मत सोडले नाही, पण एक कबुली दिली: न पाहिलेल्या चित्रपटावर मी कधी बोलत नाही, मग न खेळलेल्या खेळांवर बोलावयास नको होते. समीक्षेचा सगळा धर्म मला या एका कबुलीत दिसतो. मीही त्याच धर्माने वागतो. खेळांविषयी न्यायनिवाडा करण्याचा मला अधिकार नाही. परीक्षणांविषयी मात्र चार शब्द बोलण्याइतके मी वाचले आहे.

आणि बोलावयाचे आहे ते त्या शेवटच्या आकड्याविषयी.

खेळांच्या परीक्षणाखाली बहुधा एक आकडा असतो: दहापैकी आठ, शंभरापैकी ब्याऐंशी. इंग्लंडातल्या लडलो गावी १९८४ साली 'क्रॅश' नावाचे मासिक निघाले. संपादकांनी परीक्षक म्हणून गावातली शाळकरी मुलेच धरली. मुले शाळा सुटल्यावर खेळत आणि मते देत, आणि मासिक त्या मतांखाली टक्के छापी. चित्रांना इतके, पैशाच्या मोबदल्याला इतके. एक रकाना तर खेळ किती व्यसन लावतो यासाठी होता! त्यात जास्त टक्के मिळाले की खेळ चांगला. आजच्या आईबापांना हा रकाना वाचून काय वाटेल, ते मी त्यांच्यावरच सोडतो. जपानातल्या 'फामित्सु' साप्ताहिकाची रीत अशी की, चार परीक्षकांनी प्रत्येकी दहापैकी गुण द्यावयाचे आणि बेरीज चाळिसांत करावयाची. चाळिसांपैकी चाळीस प्रथम मिळाले ते १९९८ साली, 'झेल्डा : ऑकरिना ऑफ टाइम' या खेळाला. २००१ साली अमेरिकेत 'मेटाक्रिटिक' निघाले. त्याने नाना ठिकाणच्या परीक्षणांचे आकडे गोळा करून त्यांची एकच सरासरी शंभरांत मांडली. झाले! इतक्या जणांनी इतक्या रात्री जागून लिहिलेल्या मजकुराची एका चौकोनात मावेल एवढी पुरचुंडी झाली.

यात बिघडले काय, असे तुम्ही म्हणाल. आम्ही शिक्षक तरी दुसरे काय करतो? खरे आहे. म्हणूनच मला यातली मेख दिसते. गणिताच्या साठ गुणांत आणि चित्रकलेच्या साठ गुणांत बेरजेपुरतेच साम्य असते.

आता तीन खेळ घ्या. 'टेट्रिस' हा मॉस्कोच्या अलेक्सी पाजित्नोव यांनी १९८४ साली रचला. प्रत्येकी चार चौकोनांचे सात आकार वरून पडत राहतात, ते फिरवून खाली बसवावयाचे. त्याला कथा नाही, नायक नाही. ओळ भरली की नाहीशी होते आणि चुकलेले मात्र साचत जाते. दुसरा 'जर्नी', २०१२ चा. वाळवंटातून दूरच्या एका डोंगराकडे चालावयाचे. वाटेत दुसरा एक प्रवासी भेटतो. तो जगाच्या कुठल्या तरी कोपऱ्यात बसलेला खराखुरा माणूस असतो. पण बोलता येत नाही, नाव कळत नाही. फक्त एक सूर काढून साद घालता येते. दोन-तीन तासांत खेळ संपतो. तिसरा 'पेपर्स, प्लीज', लुकास पोप यांचा, २०१३ चा. यात तुम्ही एका कल्पित हुकूमशाही देशाच्या सरहद्दीवरचे कारकून. येणाऱ्याचे पासपोर्ट तपासा, शिक्के मारा. जितकी माणसे तपासाल तितका पगार. कमी पडला तर घरात अन्न नाही, ऊब नाही, औषध नाही. एक नवरा कागद दाखवून पुढे जातो. मागे त्याची बायको येते आणि तिच्याजवळ एक परवाना नसतो. शिक्का तुमच्या हातात.

या तिघांना एकाच फूटपट्टीने मोजावयाचे कसे? करमणूक किती झाली, असे विचारले तर तिसरा खेळ नापासच होईल. तो करमणुकीसाठी नाहीच. पैशाच्या मानाने किती तास मिळाले, असे विचारले तर दुसरा मागे पडेल. कथा विचारली तर पहिल्याला शून्य!

आपल्या भरतमुनींना ही अडचण फार पूर्वी दिसली होती. नाट्यप्रयोगाचा निवाडा कोणी करावा, हे सांगताना नाट्यशास्त्राने एक परीक्षक नेमलेला नाही. यज्ञाचे दृश्य असेल तिथे यज्ञ जाणणारा, नृत्य असेल तिथे नर्तक, वृत्तांसाठी छंद जाणणारा, शब्दांसाठी वैयाकरणी, शस्त्रांसाठी धनुर्धर आणि गाण्यासाठी गवई असावा, असे त्यांनी सांगून ठेवले आहे. ज्याला ज्यातले कळते त्याने त्यापुरते बोलावे. टेट्रिसला कोडे सोडवणारा हवा, जर्नीला कविता कळणारा हवा आणि पासपोर्टच्या खिडकीला, मला वाटते, आयुष्यात एकदा तरी सरकारी खिडकीपुढे रांगेत उभा राहिलेला हवा.

आकड्याचा दुसरा दोष असा की, तो दिसतो निरुपद्रवी पण पोटावर येतो. 'फॉलआउट : न्यू व्हेगस' हा खेळ २०१० साली निघाला. तो बनवणाऱ्या ऑब्सिडियन कंपनीचे एक संस्थापक ख्रिस ॲव्हेलोन यांनी २०१२ साली जाहीरपणे सांगितले की, मेटाक्रिटिकवर पंच्याऐंशी पडले तर कंपनीला बक्षिसी मिळावयाची होती. पडले चौऱ्याऐंशी. एका गुणाने नापास होणारी मुले मी पाहिली आहेत, त्यामुळे मला या हकीकतीचे नवल वाटले नाही, वाईट वाटले. ज्या परीक्षकाने आठाऐवजी साडेसात लिहिले, त्याला आपण कोणाच्या पगारातून काढून घेतो आहोत हे ठाऊकही नसेल.

तिसरा दोष काळाचा. छापलेली कादंबरी दुसऱ्या दिवशी बदलत नाही. खेळ बदलतो. 'सायबरपंक २०७७' डिसेंबर २०२० मध्ये बाजारात आला. आधी निघालेली कौतुकाची परीक्षणे भारी संगणकावर खेळून लिहिलेली होती. घरच्या जुन्या यंत्रांवर लोकांनी तो लावला तेव्हा तो जागोजाग अडखळू लागला आणि आठवड्याभरातच सोनीने आपल्या दुकानातून तो काढून घेतला. पुढे दुरुस्त्या होत गेल्या. जून २०२१ मध्ये तो दुकानात परतला आणि २०२३ च्या मोठ्या दुरुस्तीनंतर त्याच्याविषयी पुष्कळांचे मत पालटले. आता कोणता आकडा खरा? मजकुरात "मी अमुक यंत्रावर, अमुक दिवशी खेळलो" असे लिहिलेले असेल तर तो मजकूर साक्ष म्हणून टिकतो. आकड्याला तारीख नसते.

या नादात माझ्या निष्ठेची एकदा कसोटी लागली. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या मंडळीने २०२० साली 'राजी' नावाचा खेळ काढला. धाकट्या भावाला असुराने पळवून नेले म्हणून बहीण त्याच्या शोधात निघते आणि दुर्गा व विष्णू तिची कथा सांगत असतात. आपल्याकडचा खेळ जगाच्या बाजारात उभा राहिला म्हणून उर भरून आला. मी परदेशी परीक्षणे शोधशोधून वाचली. राजवाडे, रंग आणि कळसूत्री छायाचित्रांसारखी मांडलेली कथा यांचे कौतुक होते. पण लढाईचा भाग कच्चा आहे, खेळ आखूड आहे आणि शेवट एकाएकी होतो, असेही अनेकांनी स्पष्ट म्हटले होते. घरच्या मुलाला कोणी बोलले की जसे वाटते तसे वाटले. पण दुसऱ्यांदा वाचताना दिसले की, हे बोलणारे शेवटपर्यंत त्या मुलीबरोबर चालले होते. शेवट लवकर झाला ही तक्रार कोण करतो? ज्याला अजून थोडे चालावयाचे होते तोच. केवळ आकडा पाहिला असता तर मला यातले काहीच कळले नसते.

गेल्या वर्षी नववीच्या वर्गाला मी निबंध दिला: 'मला आवडणाऱ्या एका गोष्टीचे परीक्षण'. बहुतेकांनी चित्रपट घेतले. मागच्या बाकावरच्या एका मुलाने, ज्याचे निबंध एरवी आठ ओळींत आटपतात, दोन पाने भरून वडिलांच्या फोनवरच्या 'सबवे सर्फर्स'वर लिहिले. २०१२ पासून मुले खेळत आलेला हा खेळ. एक मुलगा रुळांवरून पळतो आणि मागे पहारेकरी व त्याचा कुत्रा. माझ्या विद्यार्थ्याने लिहिले होते: "या खेळात जिंकता येत नाही. किती पळालो तरी शेवटी पकडतातच. पण काल जिथे पकडले त्याच्यापुढे आज जाता येते, म्हणून मी खेळतो. फोनची बॅटरी संपली की बाबा रागावतात, हा खेळाचा दोष आहे." नंतर त्याने आणखी एक लिहिले होते: "हरल्यावर हा खेळ लगेच पुन्हा पळू देतो. शाळेत एक वर्ष थांबावे लागते."

हे वाक्य मी किती वेळ वाचत बसलो कोण जाणे. तो आठवीत एकदा राहिलेला मुलगा होता.

गुण देणे भाग होते. रकान्यात दुसरे काही लिहिता येत नाही. मी दहापैकी नऊ दिले. वही घेऊन तो टेबलापाशी आला. "सर, एक कशाचा गेला?"

"शुद्धलेखनाचा," मी म्हणालो.

"मग तसे खाली लिहा ना, सर. नाहीतर वाटते की खेळच वाईट आहे."

मी लिहिले. शुद्धलेखनाविषयी एक ओळ लिहिली आणि त्या शेवटच्या वाक्याविषयी चार ओळी लिहिल्या.

दिवाळीची सुट्टी आहे. एखाद्या घरात मुलगा किंवा मुलगी नव्या खेळासाठी हट्ट धरून बसली असेल. खोक्यावर वयाचा आकडा असतो, तो जरूर पाहा. युरोपातल्या पद्धतीत तो तीन, सात, बारा, सोळा किंवा अठरा असतो. हा आकडा मला मान्य आहे. तो खेळाची लायकी ठरवीत नाही, खेळ कोणाच्या हाती द्यावयाचा एवढेच सांगतो. पण "दहापैकी किती मिळालेत त्याला?" असे मात्र विचारू नका. त्याऐवजी चिवड्याची ताटली पुढे सरकवा आणि म्हणा, "त्यात काय करावे लागते, सांग बरे. हरल्यावर काय वाटते?" मग मधे न बोलता ऐका. खेळ घ्यावयाचा की नाही ते नंतर ठरेल. पण मूल असे भरभरून किती दिवसांनी बोलते आहे, हे तुमच्या तेवढ्यात ध्यानात येईल, आणि ताटली रिकामी झाली तरी बोलणे संपलेले नसेल.