खिडकीकडे पाठ नको

८ जानेवारी
भिवापूरच्या समाजभवनामागच्या दोन खोल्या पाडून एक मोठी खोली करायची आहे. सकाळी शिकवणी, संध्याकाळी बैठका. नकाशा माझ्याकडे आला. गावातली ऐकू न येणारी मुलं-माणसंही इथे येणार, तेव्हा समितीचं म्हणणं, ‘रॅम्प टाका.’ रॅम्प हवाच, पण बहिऱ्या माणसाला त्याचा काय उपयोग? आणखी एक सूचना आली: माइक-स्पीकर चांगल्या कंपनीचा घ्या! हसू आवरलं.

११ जानेवारी
चौथीतल्या एका बहिऱ्या मुलीची आई भेटली. “भाऊ, बाई फळ्याकडं तोंड करून बोलते. मग पोरगी शेजारणीच्या वहीत पाहून लिवते. तिले काय समजन?”
वर्गात जाऊन मुलीच्या बाकावर बसलो. बाई खिडकीसमोर उभ्या, मागून लख्ख ऊन. त्यांच्या तोंडाच्या जागी नुसता काळोख. ओठ वाचायचे कसे? शिवाय बाक एकामागे एक. मागचा मुलगा उत्तर देतो, ही वळून पाहते तोवर उत्तर संपलेलं. बाक अर्धगोलात लावले आणि फळा खिडकीच्या आडव्या भिंतीवर नेला, तर यातलं बरंचसं मिटेल. त्याला पैसा लागत नाही.

१५ जानेवारी
वॉशिंग्टनच्या गॅलॉडेट विद्यापीठाबद्दल वाचतोय. १८६४ पासून तिथे बहिऱ्यांना पदवीपर्यंतचं शिक्षण मिळतं. २००५ मध्ये हॅन्सल बाऊमन या वास्तुरचनाकाराने तिथल्या बहिऱ्या मंडळींबरोबर बसून इमारत कशी असावी याचा विचार सुरू केला. त्यातून ‘डेफस्पेस’ उभं राहिलं, दीडशेहून अधिक बारकाव्यांचं. खुणांनी बोलत चालणाऱ्या दोघांना एकमेकांकडे पाहावं लागतं, म्हणून व्हरांडा रुंद हवा. वळणावर कोपरा तासलेला हवा, समोरून येणारा आधीच दिसावा. १८८० च्या मिलान परिषदेने शाळांतून खुणांची भाषा हद्दपार करायचा ठराव केला होता. त्यानंतर सव्वाशे वर्षांनी इमारतच त्या भाषेच्या मापाने आखली जाते, हे मला फार आवडलं.

१९ जानेवारी
मिरचीच्या सातऱ्यावर, म्हणजे देठ खुडायच्या जागी, गेलो होतो. लाल ढिगाभोवती बाया देठ खुडत बसलेल्या. त्यांत एक बहिरी. तिने जागा निवडली होती ती भिंतीला पाठ लावून, फाटक नजरेत ठेवून. पाठीमागून कोण आलं हे तिला कळत नाही, म्हणून. इतर बाया खुडता खुडता गप्पा मारतात. हिला बोलायचं तर हात थांबवावे लागतात, आणि मजुरी किलोवर. संध्याकाळी लाईन गेली की तिचं बोलणंच बंद.
नकाशावर लिहून ठेवलं: इन्व्हर्टरवर आधी दिवे, मग पंखे.

२३ जानेवारी
अंदाजपत्रक. भिंतींना पांढरा ऑइलपेंट नको, चकाकीने डोळे शिणतात. फिकट निळा-हिरवा, बिनचमकीचा. त्यापुढे हात उठून दिसतात. दाराला काचेची उभी पट्टी. घंटेला जोडलेला लुकलुकणारा दिवा, तसाच आगीच्या इशाऱ्याला. छत टिनाचं अजिबात नको: श्रवणयंत्र शब्दाबरोबर पावसाचा ताशाही वाढवतं. बाकांच्या पायांना रबरी बूट, मागच्या भिंतीला सॉफ्टबोर्ड, म्हणजे आवाज घुमणार नाही.
२०१६ चा दिव्यांग हक्क कायदा बहिऱ्या मुलांना त्यांना योग्य त्या भाषेत आणि पद्धतीने शिकवा म्हणतो. पण खुणांची भाषा दिसलीच नाही तर शिकवणार कशी? हे कंत्राटदाराला कोण सांगणार!

२७ जानेवारी
बाक करणारा सुतार स्वतः बहिरा आहे, नागपुरात शंकरनगरच्या मूकबधिर शाळेत शिकलेला. त्याच्यापुढे नकाशा पसरला. रंग, दिवे याकडे त्याने पाहिलंही नाही. कानामागची पेन्सिल काढून मधल्या दोन खांबांवर फुल्या मारल्या. मग मला एका टोकाला उभं केलं, आपण दुसऱ्या टोकाला गेला, मध्ये एकाला फळी धरायला लावली आणि हात हलवले. मला अर्धंच दिसलं.
खांब काढले तर तुळई जाड होते, लोखंड वाढतं. समिती कुरकुरणार. मी दर्शनी भिंतीच्या टाइल्स आणि फॉल्स सीलिंग कापलं. खांब मात्र जातील.
तुमच्या गावात समाजभवनाचा नकाशा आला, तर मंजुरीच्या सहीआधी तो गावातल्या बहिऱ्या माणसासमोर ठेवा आणि त्याच्या हाती पेन्सिल द्या.