न थांबणारा पंखा

लेहच्या हिवाळ्यात पारा शून्याच्या पुष्कळ खाली उतरतो. तेथे मोटारीत ऊब पसरविणारा पंखा म्हणजे प्रवाशांचा जिवलगच! पण एखाद्या सायंकाळी किल्ली काढून घेतली, तरी तो घुमतच राहतो. इंजिन निवते, आणि हा वेडा गार वारा फेकीत बसतो. तो १० अँपिअर प्रवाह घेत असला, तर ४५ अँपिअर-तासांची बॅटरी साडेचार तासांतच रिती व्हावी. मग पहाटे गाडी सुरू व्हायची कशी?

जाणता कारागीर आधी फ्यूज काढतो. पंखा थांबतो, रोग मात्र तसाच राहतो. संशय असतो तो रिले नावाच्या चिमुकल्या डबीवर. तिच्यातील तारेच्या वेटोळ्यातून प्रवाह वाहिला, की ते चुंबक बनते, लोखंडी पट्टी ओढून घेते आणि पंख्याचा मार्ग जोडला जातो. प्रवाह थांबताच स्प्रिंग पट्टीला मागे खेचते. परंतु वर्षानुवर्षे ठिणग्या उडून जोडाची टोके वितळतात, एकमेकांना चिकटतात. मग बिचाऱ्या स्प्रिंगचे काही चालत नाही. टिचकी मारल्याने ती कधी सुटतातही. पण त्यावर विसंबणे नको.

कारागीर त्याच जातीचा नवा रिले बसवितो, फ्यूज पुन्हा लावतो. पंखा आताही फिरला, तर दोष बटणात किंवा तारांत शोधावा लागेल. तो कान देऊन उभा राहतो. गाडीत निःशब्द शांतता असते.