दोष दाराशी नव्हता

इंदूरच्या आमच्या शाखेतली ही गोष्ट, 2008-09 च्या सुमाराची. महिन्याची पहिली तारीख, पेन्शनर मंडळी सकाळपासून रांगेत, आणि साडेदहाला लिंक गेली. दाराबाहेर पाण्याच्या पाइपलाइनसाठी खोदकाम चाललं होतं. मी तडक बाहेर गेलो आणि मुकादमाला सगळ्यांदेखत झापलं, "तूने ही केबल काटी है!" तो हात जोडून नाही म्हणत राहिला. मी काम बंद पाडलं.

दुपारी केबल तपासायला पोरगा आला, आपल्यातलाच निघाला. त्याने ओटीडीआर नावाची पेटी फायबरला जोडली. पडद्यावर एक रेघ हळूहळू उतरत गेलेली आणि एका ठिकाणी एकदम कोसळलेली. म्हणाला, "काका, दाराशी केबल शाबूत आहे. तुटलीय ती 4.2 किलोमीटरवर."

इथे बसून कळतं कसं? पेटी प्रकाशाचा एक ठोका सोडते. त्यातला अगदी थोडा अंश वाटेत जागोजागी विखरून मागे येतो. काचेत प्रकाश सेकंदाला सुमारे 2 लाख किलोमीटर धावतो, म्हणजे किलोमीटरभर जाऊन परत यायला 10 मायक्रोसेकंद. आमच्या केबलमध्ये 42 मायक्रोसेकंदांनंतर मागे काहीच येईना.

आणि रेघेचा उतार? ते तर आमचं कॉमर्सच निघालं, घटत्या शिल्लक पद्धतीचा घसारा! दर किलोमीटरला उरलेल्या प्रकाशातला साधारण साडेचार टक्के जातो. त्याला ते 0.2 डेसिबल म्हणतात. 15 किलोमीटरनंतरही निम्मा उरतो. 1970 साली अमेरिकेत कॉर्निंगच्या शास्त्रज्ञांनी केलेल्या फायबरमध्ये एका किलोमीटरनंतर जेमतेम 2 टक्के उरत होता, आणि तेव्हा तोच मोठा पराक्रम होता.

केबल खरंच तिकडे लांब तुटलेली सापडली. संध्याकाळी लिंक आली, पण माझ्यामुळे मुकादमाच्या पाच माणसांची अर्ध्या दिवसाची मजुरी बुडाली होती. दुसऱ्या दिवशी ती खिशातून द्यायला गेलो. तो म्हणाला, "साहब, वो तो ठीक है, पर मेरे लड़कों को बता दो कि मैंने नहीं काटी थी."

पाचही जणांसमोर सांगितलं. माफी मागितली.

बँकेत तीस वर्षं व्हाउचर तपासल्याशिवाय सही केली नाही. त्या सकाळी मात्र न बघताच ठोकली होती.